शिखराखाली अडीचशे मीटर

मागच्या मे महिन्यात आपल्या शाळेची तुकडी मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर गेली होती. आठ कॅडेट, दोन उस्ताद आणि सोलंगजवळच्या गावातले दोन गाईड. शिखराची उंची ५२८९ मीटर. आम्ही ५०४० मीटरपर्यंत पोहोचलो आणि परत फिरलो. शाळेत आल्यावर असेंब्लीत आमच्यासाठी टाळ्या वाजल्या. 'हवामान प्रतिकूल असल्यामुळे तुकडीने योग्य निर्णय घेतला,' असं सांगण्यात आलं. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. राहिलेलं मी या पानावर लिहितो आहे, कारण येत्या मे महिन्यात अकरावीची तुकडी त्याच वाटेने जाणार आहे आणि सामानाची यादी आता माझ्याऐवजी दुसऱ्या कॅडेटच्या हातात आहे.

आधी वाट सांगतो. या पानाचे वाचक असलेले बरेच पालक महाराष्ट्रातले आहेत. त्यांच्यासाठी शिखर म्हणजे कळसूबाई, उंची १६४६ मीटर. आमचा पहिला मुक्काम बकरथाच हा त्याच्या साधारण दुप्पट उंचीवर होता. मनालीहून सोलंग, सोलंगहून धुंदी. धुंदीजवळ अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला, नऊ किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा हा बोगदा पाहायला आम्ही दहा मिनिटं थांबलो. तिथून पायी बकरथाच. तिकडे 'थाच' म्हणजे कुरण. मेंढपाळ शेळ्यामेंढ्या चारायला आणतात ते हे मैदान. समोर हनुमान टिब्बा, डावीकडे बियास नदीचा उगम असलेलं बियास कुंड आणि चारी बाजूंनी पीर पंजाल रांगेतले बर्फाचे उतार. बकरथाचच्या वर 'लेडी लेग' नावाची जागा लागते. तिच्याही वर, साधारण ४१५० मीटरवर, आमचा शेवटचा कॅम्प होता.

हे शिखर लोकप्रिय आहे. अवघड कातळ नाही, फार तांत्रिक चढाई नाही. क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स आणि दोर वापरता आला आणि फुप्फुसांत दम असला की माणूस वर पोहोचतो, म्हणून नवशिक्यांच्या तुकड्या इथे येतात. आम्ही गेलो तेव्हा बकरथाचला रंगीबेरंगी तंबूंची रांग होती. बर्फात पावलांची खोल पायवाट पडली होती. ती पाहून मला वाटलं, जिथून इतके लोक गेले तिथे धोका तो काय असणार? ही माझी पहिली चूक. पायवाट सांगते की काल इथून माणसं गेली. आज तो उतार कोणत्या अवस्थेत आहे, हे पायवाटेला ठाऊक नसतं.

आम्ही बकरथाचला पोहोचलो आणि पश्चिमी झंझावात आला. दोन रात्री आणि एक अख्खा दिवस आम्ही तंबूत अडकलो. खाली पाऊस, वर बर्फ. कार्यक्रमात एक राखीव दिवस होता, तो तिथेच खर्च झाला. त्या दिवशी मोठ्या तंबूत उस्तादांनी आमचा वर्ग घेतला. विषय एकच, वसंतातला ओला बर्फ.

त्यांनी आधी विचारलं, "हिमस्खलन म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं?" सगळ्यांनी तेच सांगितलं. पांढऱ्या ढगासारखा धुरळा, मोठा आवाज, प्रचंड वेग. उस्ताद म्हणाले, "ते थंडीतलं, कोरड्या बर्फाचं. मे महिन्यातलं वेगळं असतं. ते धुरळा उडवत नाही. ओल्या सिमेंटसारखं सरकत येतं. वेग कमी असतो, पण वजन फार असतं. त्यात पाय सापडला की पाय निघत नाही."

मग त्यांनी कारण समजावलं. फिजिक्सच्या तासाला मी इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. बर्फाचे कण एकमेकांना छोट्या छोट्या सांध्यांनी चिकटलेले असतात. ऊन, पाऊस किंवा गरम हवा यांनी बर्फ शून्य अंशावर आला आणि कणांच्या मधल्या जागेत पाणी साचू लागलं की हे सांधे ढिले होतात. पाणी खाली झिरपतं. खाली जुन्या बर्फाचा कठीण थर लागला की तिथे अडतं आणि त्या थरावरून पसरतं. आता वरचा भिजलेला, जड थर खालच्या थराला नीट धरून राहत नाही. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल, तर त्याला सुटायला फारसं निमित्त लागत नाही. त्यातही सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे नवा बर्फ पडून गेल्यानंतरचं पहिलं कडक ऊन.

"मग मे महिन्यात लोक चढतात कसे?" आमच्यापैकी एकाने विचारलं.

"रात्रीच्या भरवशावर," उस्ताद म्हणाले. रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो. आकाश निरभ्र असलं की ती उष्णता निघून जाते. हवेचं तापमान शून्याच्या किंचित वर असलं तरी वरचा थर गोठून दगडासारखा होतो. पहाटे त्यावर क्रॅम्पॉन खुटखुट वाजतात आणि माणूस निर्धास्त चालतो. ऊन चढलं की तोच थर पुन्हा वितळतो. म्हणून मध्यरात्री निघायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. पण रात्री ढग असले तर ही उष्णता अडकते आणि बर्फ गोठत नाही. मग पहाटे चार वाजताही तो दुपारच्या बर्फासारखाच वागतो.

मला लगेच गावची रब्बीची रात्र आठवली. आमच्या आजी म्हणायच्या, आभाळ आलं की थंडी पळाली. निरभ्र रात्री ज्वारीच्या पानांवर दव पडायचं, आभाळ असलं की पानं कोरडी. साताऱ्याच्या शेतावरचा आणि पीर पंजालच्या उतारावरचा नियम एकच निघाला.

उस्तादांनी शेवटी द्रौपदी का डांडा-२ या शिखराचं नाव घेतलं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातल्या त्या शिखरावर प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. ते वसंतातलं ओलं हिमस्खलन नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पण तिथे गेलेली मुलं तुमच्यासारखीच शिकायला आलेली होती. डोंगर प्रशिक्षणार्थी आणि तरबेज असा फरक करत नाही, एवढंच लक्षात ठेवा." तंबूत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता माझ्या भागाकडे येतो.

तुकडीच्या सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. वरच्या कॅम्पवर पोहोचल्यावर संध्याकाळी प्रत्येकाचे बूट, क्रॅम्पॉन, हार्नेस, हेडटॉर्च तपासायचे, यादीवर खूण करायची आणि खाली सही करून यादी उस्तादांना द्यायची. मी सात जणांचं सामान नीट पाहिलं. स्वतःचंही पाहिलं. आठवा माझा जोडीदार, बिहारचा. सहावीपासून आमचे पलंग शेजारी शेजारी आहेत. त्याचं डोकं दुखत होतं म्हणून तो स्लीपिंग बॅगमध्ये पडून होता. मला त्याला उठवावंसं वाटलं नाही. शिवाय मलाही थकवा आला होता आणि बाहेर वारा सुटला होता. मी त्याच्या नावापुढे खूण केली आणि सही करून यादी देऊन टाकली.

एक गोष्ट मी विसरलो होतो. आदल्या दिवशी त्याच्या टाचेला फोड आला म्हणून त्याने एक नंबर मोठे बूट घेतले होते. ते बूट मीच काढून दिले होते. क्रॅम्पॉन मात्र जुन्या बुटाच्या मापाचेच राहिले.

रात्री अकराला उठलो. ठरलेली निघायची वेळ बारा. आकाशात एकही तारा दिसत नव्हता. उस्तादांनी बर्फात थर्मामीटर खुपसून पाहिलं. शून्य. ते गाईडशी थोडा वेळ बोलले आणि मग आम्हाला म्हणाले, "ढग अधूनमधून फाटतायत. थोडंफार गोठेल अशी आशा आहे. वर जाऊन बघू. सकाळी आठ वाजता जिथे असू तिथून परत. आणि त्याआधी बर्फाने नको म्हटलं, तर त्याआधी परत. कळलं?" आम्ही सगळे म्हणालो, "कळलं, उस्ताद."

बाराला पाच मिनिटं कमी असताना जोडीदाराचे क्रॅम्पॉन बुटावर बसेनात. मागची क्लिप टाचेवर येईना. लांबी वाढवायला पट्टीचा स्क्रू काढावा लागत होता. तो गंजला होता. गाईडने खालच्या तंबूतून हत्यारं आणली. उघड्या बोटांनी, टॉर्चच्या उजेडात, स्क्रू फिरवता फिरवता एक वाजून पंचवीस मिनिटं झाली.

उस्तादांनी विचारलं, "संध्याकाळी तपासलं होतं ना?"

मी तोंड उघडायच्या आत जोडीदार म्हणाला, "माझी चूक, उस्ताद. मी बूट बदलले आणि क्रॅम्पॉन लावून बघितले नाहीत."

मी गप्प राहिलो. माझ्या सहीची यादी उस्तादांच्या खिशात होती आणि मी गप्प राहिलो.

चढाई सुरू झाली. पहिल्या तासाला एक घळ आडवी ओलांडावी लागते. तिचं तोंड पूर्वेकडे आहे. वर काळ्या कातळाची भिंत. रात्री ती ओलांडताना वर पातळ पापुद्रा गोठला होता आणि त्याखाली मऊ बर्फ लागत होता. एकेक पाऊल टाकलं की आधी पापुद्रा धरायचा, मग 'कर्र' करून तुटायचा. उस्तादांनी आम्हाला एकामागून एक, अंतर ठेवून पाठवलं. त्या वेळी मी विचार करत होतो तो बर्फाचा नव्हता. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. पंच्याऐंशी मिनिटं उशीर. वेग वाढवला तर भरून निघेल. शिखर मिळालं तर उशीर कुणाच्या लक्षात राहणार नाही. शिखर मिळालं तर ती यादी कुणी काढून बघणार नाही.

साडेपाचच्या सुमारास उजाडलं आणि ढग वेगाने विरले. वर पाहिलं तर देव टिब्बा, इंद्रासन सोनेरी झालेले. सगळे फोटो काढू लागले. उस्ताद मात्र सूर्याकडे पाहून गप्प झाले. रात्रभर गोठायला हवा होता तो बर्फ गोठला नव्हता आणि आता त्याच्यावर थेट ऊन येणार होतं.

सहाला पाय घोट्यापर्यंत जाऊ लागला. सातला नडगीपर्यंत. साडेसातला आम्ही एका चढाच्या खाली टेकलो. उस्तादांच्या घड्याळात उंची दिसत होती, ५०४० मीटर. शिखराची धार समोर स्पष्ट दिसत होती. इतकी जवळ की वर खोचलेले झेंडे दिसतात असा मला भास झाला. माझ्या सॅकमध्ये शाळेचा झेंडा होता.

तेवढ्यात डावीकडच्या उतारावरून बर्फाचा एक गोळा सुटला. लिंबाएवढा. घरंगळत घरंगळत नारळाएवढा झाला, मागे रेघ ओढत खाली गेला आणि थांबला. मग दुसरा, मग तिसरा. उस्तादांनी मला जवळ बोलावलं. "आइस अ‍ॅक्स खुपस." मी खुपसली. दांडा जराही न अडता मुठीपर्यंत आत गेला. "मुठीत बर्फ घे आणि दाब." दाबला. बोटांच्या फटींतून पाणी गळलं.

"बस. यहीं तक," ते म्हणाले.

तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "उस्ताद, आठ वाजायला अजून वीस मिनिटं आहेत. आपण आठ ठरवलं होतं."

"मी आणखी काय ठरवलं होतं?"

मला माहीत होतं. मी उत्तर दिलं नाही. उलट म्हणालो, "समोरच तर दिसतंय, उस्ताद. सगळे फिट आहेत. दीड-दोन तासांत होईल."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "वर जायला दोन तास. म्हणजे साडेनऊ. उतरून त्या घळीत पोहोचायला आणखी अडीच. म्हणजे बारा. त्या घळीला सकाळी सहापासून ऊन लागतंय. बारा वाजता तू तुझ्या जोडीदाराला त्या घळीत आधी पाठवशील की स्वतः आधी जाशील?"

मी खाली पाहत उभा राहिलो. आज मान्य करतो, त्या क्षणी मला जोडीदाराची काळजी नव्हती, तुकडीचीही नव्हती. मला माझी चूक झाकायची होती आणि त्यासाठी बारा माणसांना वर न्यायची माझी तयारी होती. कुणी विचारलं असतं तर मी त्याला 'जिद्द' म्हटलं असतं.

आम्ही वळलो तेव्हाच दुसरी एक तुकडी आम्हाला ओलांडून वर गेली. त्यांच्यातला एकजण आमच्याकडे बघून हसत म्हणाला, "अरे, कुछ नहीं होता." मला त्याचा राग आला नाही. मला उस्तादांचा राग आला.

घळीपाशी आम्ही पावणेनऊला पोहोचलो. तिथे मधल्या भागात आधीच दोन-तीन बारीक ओघळ आलेले होते, वर टोकदार आणि खाली पसरलेले, उलट्या नरसाळ्यासारखे. कातळावरून पाणी टपटप गळत होतं. उस्तादांनी सॅकचे कमरेचे पट्टे सोडायला लावले. एकाने ओलांडायचं, बाकीच्यांनी नजर ठेवायची. न थांबता, न बोलता. दहाच्या आत सगळे कॅम्पवर होतो.

चहा झाला. आम्ही तंबूबाहेर बसून वरच्या तुकडीकडे पाहत होतो. दहाच्या आधीच शिखरावर काळे ठिपके दिसले होते. सव्वाबाराला ती माणसं घळ ओलांडून आली, पाण्यासाठी आमच्याजवळ थांबली. ओलीचिंब, थकलेली आणि खूश. तोच माणूस पुन्हा हसला, "देखा? कुछ नहीं हुआ."

बाराला चाळीस वाजता ती घळ सुटली.

आवाज मोठा नव्हता. डंपरमधून ओली वाळू ओतल्यासारखा. कातळाच्या पायथ्याशी एक लहानसा तुकडा निसटला, त्याने बाजूचा बर्फ ओढला, त्याने आणखी बाजूचा. धुरळा नाही, काही नाही. चाळीस-पन्नास मीटर रुंदीचा मळकट लोंढा घाई न करता खाली आला. आमची पायवाट त्याच्या खाली गेली. त्यांचीही गेली. पंचवीस मिनिटांपूर्वी त्यांचा शेवटचा माणूस तिथे होता. हसणारा माणूस बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. मग काही न बोलता त्याने सॅक उचलली.

यावर मी फार विचार केला आहे. ती घळ आणखी दोन तास थांबली असती, किंवा त्या दिवशी सुटलीच नसती, तर काय? तर तो माणूस बरोबर ठरला असता आणि आमचे उस्ताद भित्रे ठरले असते. निदान माझ्या मनात तरी ठरले असते. पण सात चाळीसला बर्फ जे सांगत होता ते तसंच राहिलं असतं. डोंगरात चुकीच्या निर्णयालाही पुष्कळदा शिखराचं बक्षीस मिळतं. म्हणून निर्णय बरोबर होता की नाही, हे 'काही झालं नाही' यावरून ठरवता येत नाही. निर्णय घेताना समोर काय दिसत होतं, त्यावरून ठरवावं लागतं.

त्या रात्री आकाश स्वच्छ झालं आणि सगळं कडक गोठलं. पहाटे पाचला उस्ताद आम्हाला त्या ढिगाऱ्याच्या खालच्या टोकाशी घेऊन गेले. मला फावडं दिलं. "खण." मी फावडं मारलं, ते उसळून मागे आलं. बर्फ काँक्रीटसारखा झाला होता. उस्ताद म्हणाले की सरकणं थांबलं की काल दुपारीही तो असाच घट्ट आवळला असेल. ओल्या बर्फाला थंडीची वाटही पाहावी लागत नाही. दहा मिनिटं मी जीव तोडून खणलं. खड्डा गुडघ्यापर्यंतही गेला नाही. उस्तादांनी घड्याळ दाखवलं. "गाडला गेलेला माणूस जिवंत निघण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तुझी दहा गेली. आणि तो नेमका कुठे आहे हे अजून तुला माहीतच नाही."

मी फावडं जोडीदाराच्या हातात दिलं. त्याच्या हाताला मलमपट्टी होती, रात्री स्क्रू काढताना लागलेली.

संध्याकाळी बकरथाचला उतरल्यावर मोहिमेचा आढावा घ्यायला सगळे गोल बसलो. उस्तादांनी विचारलं, "पहिला मुद्दा. निघायला उशीर का झाला?" जोडीदार उभा राहू लागला. मी त्याच्या आधी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खूण न तपासता केली, मोठे बूट मीच दिले, रात्री गप्प बसलो आणि वर वाद घातला तो त्यासाठीच घातला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि 'खरं बोललास' म्हणून पाठही थोपटली नाही. उस्तादांनी खिशातून यादी काढली. "सही कुणाची?"

"माझी, उस्ताद."

"बारा वाजता निघालो असतो तर कालच्या वेगाने आठच्या आत शिखरावर असतो. कदाचित. कदाचित बर्फाने तरीही परत पाठवलं असतं. ते सोड. पण खोट्या खुणेवर मी वेळेचा हिशेब केला, त्याचं काय? यादीवरची खूण ही तुझी-माझी गोष्ट नाही. तिच्यावर विसंबून दुसरा माणूस पाऊल टाकतो." मग म्हणाले, "जा, सगळ्यांचं सामान पुन्हा तपासून आत ठेव. आठही जणांचं."

जोडीदार सोलंगपर्यंत माझ्याशी बोलला नाही. सोलंगला गाडीची वाट पाहताना म्हणाला, "मला त्याच रात्री का नाही सांगितलंस? मी तीन दिवस स्वतःला शिव्या देत होतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "यापुढे माझे क्रॅम्पॉन मी बघणार. आणि तुझे पण मीच बघणार." तेव्हापासून आम्ही तसंच करतो. परेडच्या आधी तो माझा बेल्टसुद्धा तपासतो.

मनालीहून घरी फोन केला. माझे बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची बरीच वर्षं काश्मीरच्या उंच भागात गेली. आईने आधी विचारलं, "जेवलास का? हातपाय नीट आहेत ना?" मग बाबांनी फोन घेतला. मला वाटलं शिखराबद्दल विचारतील. ते म्हणाले, "किती वाजता निघाला होतास?"

मी सगळं सांगितलं. यादीचंही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "एकदा आम्ही रसद घेऊन पोस्टवर चाललो होतो. वाटेत नाला. सकाळचे दहा वाजून गेले होते. आमच्या साहेबांनी सगळ्यांना अलीकडेच थांबवलं, रात्रभर. आम्ही मनात खूप शिव्या घातल्या. घरची पत्रं पलीकडे पोस्टवर आलेली होती."

"मग नाल्यात काही आलं का?"

"नाही. काहीच नाही आलं."

मी गप्प राहिलो.

"काहीच नाही आलं," ते पुन्हा म्हणाले. "पहाटे चारला आम्ही नाला ओलांडला. पत्रं वाचली. बाळा, त्या साहेबांचं बरोबर होतं की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांच्या हाताखालचा एकही माणूस नाल्यात राहिला नाही. आणि सही केलीस तर बघून करत जा. माझ्या नोकरीत मी शस्त्रं मोजल्याशिवाय कधी सही केली नाही."

एवढं बोलून त्यांनी फोन आईला दिला.

येत्या मे महिन्यात जाणाऱ्या कॅडेटसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. उस्ताद त्या सांगतीलच, पण माझ्याकडूनही ऐका. रात्री तंबूबाहेर येऊन आधी तारे बघा. तारे नसतील तर पहाटेच्या कडक बर्फाचा भरवसा धरू नका. नवा बर्फ पडला असेल तर पहिल्या उन्हाच्या दिवशी उतारापासून लांब राहा. पूर्वेकडच्या उतारावर ऊन आधी येतं, मग दक्षिणेकडच्या, मग पश्चिमेकडच्या, म्हणून फक्त पायाखालचा नाही, तर परतीच्या वाटेवरचा उतार त्या वेळी कसा असेल याचा हिशेब निघतानाच करा. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, बर्फाचे गोळे घरंगळू लागले, मुठीतून पाणी गळलं, की घड्याळ काहीही म्हणो, वळा. ढिगाऱ्यातून शोधायचं यंत्र, शोधकाठी आणि फावडं ही तिन्ही सोबत असू द्या, पण त्यांच्या भरवशावर घळीत जाऊ नका. मी ते फावडं मारून पाहिलं आहे.

आणि सामानाची यादी ज्याच्या हातात आहे त्याला एवढंच सांगतो. जोडीदार झोपला असेल तर त्याला उठव. तो कुरकुर करेल. करू दे.

शाळेचा झेंडा मी परत आणून स्टोअरमध्ये जमा केला. जमा केल्याच्या वहीत सही करण्याआधी घडी उघडून तो पूर्ण पाहिला. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती. तशी नोंद केली आणि मग सही केली.

जय हिंद.

(एक कॅडेट, इयत्ता बारावी)